भाऊजींची पाठ आणि माझ्या आंदणातली गादी

सकाळचा चहा सपरीच्या उंबऱ्यावर ठेवायचा, कप बशीवर जरा वाजवायचा आणि आत वळायचं, हा माझा इतक्या वर्षांचा नेम. सपरी म्हणजे आमच्या घरासमोरची पडवी. कप वाजला की तिथून खाकरल्याचा आवाज यायचा, म्हणजे मोठ्या भाऊजींना चहा पोचला. त्या दिवशी कोणी खाकरलं नाही. मी पुन्हा कप वाजवला, जरा रागानंच वाजवला, कारण धान कापणीचे दिवस होते, आमचे हे पहाटेच बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेले होते आणि माझ्या मागे शंभर कामं होती. दाराआडून पाहिलं तर भाऊजी त्यांच्या त्या, ट्रॅक्टरच्या जुन्या सीटला पाय लावून केलेल्या खुर्चीवर बसलेले, अंगावर शाल, मान एका बाजूला. झोप लागली वाटते, म्हटलं लागू दे बाप्पा! त्या माणसाला झोपलेलं पाहिलं की मला घरात सण आल्यासारखं वाटायचं. चहावर बशी झाकली आणि आवाज न करता आत आले. भाजी चिरली, कणीक मळली, परत येऊन पाहते तर चहा तसाच... मी उंबरा ओलांडला, सपरीत गेले आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. लग्न होऊन मी या घरात आले त्यानंतर भाऊजींना केलेला तो माझा पहिला स्पर्श. कपाळ गार होतं.

चैतराम हे त्यांचं नाव. आमच्या यांचे ते थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच थांबलं, त्रास झाला नसेल. आमचं निम्मं मुर्री गाव येऊन गेलं आणि प्रत्येकानं तेच म्हटलं, झोपेत गेला चैतराम, पुण्यवान माणूस. मी सगळ्यांना पाणी देत होते, मान हलवत होते, आणि मनात एकच विचार घोळत होता की अरे, झोपेत गेले ते खरं, पण खुर्चीवर काऊन गेले? आत त्यांच्या खोलीत दिवाण होता. दिवाणावर गादी होती, माझ्या आंदणातली गादी, मी स्वतः दिलेली. ती गादी कशी आहे असं विचारलं की ते ‘जमते’ म्हणायचे. मग माणूस गादी सोडून लोखंडाच्या पायांवर बसवलेल्या सीटवर का मरतो? त्यांच्यावर लिहा असं गावातल्या लोकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे गुण लिहावेत हे साहजिक होतं. गुण भरपूर होते, पण मला हाच प्रश्न सोडत नाही, तर मी तोच लिहिते.

आमच्याकडची भासरा आणि भावसून यांची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोईवर पदर घ्यायचा, नजरेला नजर द्यायची नाही, थेट बोलायचं नाही. ज्या बाजेवर तो बसतो तिच्यावर आपण बसायचं नाही, आपल्या अंथरुणाला त्याचा पायही लागू द्यायचा नाही. चुकून हात लागला तर दोघांनीही आंघोळ करायची. मी वर्ध्याकडची, कापसाच्या मुलखातली. आमच्याकडेही मान होता, पण इतकं कडक नव्हतं. सासरी आले तेव्हा मला हसू यायचं. भाऊजींना बाहेर जायचं असलं की ते सपरीतल्या खांबाला सांगायचे, “घरात सांगून द्या, मी देवरीले जाऊन राहिलो, जेवाले येत नाई.” आणि मी आतून चुलीला सांगायची, “डबा बांधला आहे म्हणा, उपाशी कायले जाता.” खांबाला ऐकू जायचं, चुलीला ऐकू जायचं, आणि डबा बरोबर जागेवर पोचायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, स्कूटीवर जायची, महिला दिनाला माइक धरून भाषणं ठोकायची. तीच मी फाटकाशी हेल्मेट काढलं की लगेच पदर वर घ्यायची. कोणी म्हणेल हे ढोंग आहे. म्हणू दे. त्या पदराचा मला कधी जाच झाला नाही, कारण पलीकडचा माणूस माझा मान माझ्यापेक्षा जास्त सांभाळत होता. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बायको वारली. मुलगी संगीता लहान होती, ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. म्हणजे त्या घरात बाई मी एकटी, आणि ज्याला सांभाळायचं त्याला हात लावायची मुभा मलाच नाही, असा तो सगळा मामला होता.

भाऊजी ट्रॅक्टर चालवायचे. स्वतःच्या बांधीपेक्षा दुसऱ्यांच्याच बांध्यांत त्यांचे दिवस गेले. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी चिखलणी असते. गुडघाभर चिखलात ट्रॅक्टर फिरवायचा, बांधावरून उतरवायचा, पुन्हा चढवायचा, आणि प्रत्येक वेळी गचका कंबरेत. आमच्या भागात चैतरामसारखी चिखलणी कोणाची नाही असं लोक म्हणायचे आणि तेवढ्या शब्दावर हा माणूस पावसात उभा भिजायचा. मग एका हंगामात ते ट्रॅक्टरवरून उतरलेच नाहीत. बसल्या जागी वाकडे झाले, दोघांनी उचलून खाली घेतलं. गोंदियाच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मणक्यात गॅप आला आहे. दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं म्हणतात. यांचं आलं हत्तीच्या पायानं आणि इथेच बसलं. पुढे ट्रॅक्टर विकला, पण सीट ठेवून घेतली. वेल्डिंगवाल्याकडून तिला चार पाय लावले आणि सपरीत मांडली. मी चुलीला म्हटलं, “ज्यानं कंबर मोडली त्यालाच टेकून बसायची हौस पाहा!” सपरीतून खांबाला उत्तर आलं, “ओळखीची हाय ना ते. कुठं दुखावाचं ते तिले मालूम हाय.”

तर मग सुरू झाली गादीची शोधाशोध. आधी त्यांची दोरीची बाज गेली, कारण ती मधोमध झोळीसारखी लोंबायची. कोणीतरी म्हणालं जमिनीवर झोपा, जमिनीसारखं औषध नाही. झालं, सतरंजी आली. झोपायला जमीन ठीक होती, पण उठायचं कसं? आधी कुशीवर व्हायचं, मग हातापायांवर, मग भिंत धरून वर. हे घरी असले की हात द्यायचे. एकदा थंडीच्या दिवसांत हे बाजाराला गेलेले, संगीता शाळेत, मी रजेवर घरी, आणि भाऊजी त्यांच्या खोलीत जमिनीवर अडकले. मला हाक मारणार नाहीत, मरतील पण मारणार नाहीत. मी दाराबाहेर उभी, आत त्यांचं कण्हणं. दोन्ही हात असलेली धडधाकट बाई मी, आणि दारात खुंट्यासारखी उभी! शेवटी खुंटीवरचा त्यांचा दुपट्टा ओढला, एक टोक दाराच्या कडीला गुंडाळून माझ्या मुठीत धरलं, दुसरं आत फेकलं आणि मोठ्यानं कडीला सांगितलं, “धरा म्हणा, आणि ओढा.” मग दुपट्टा ताणला गेला. मी भिंतीला पाय लावून मागे रेलले. आतून धाप लागल्याचा आवाज, बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या... आणि एकदाचे भाऊजी उभे राहिले. आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. संध्याकाळी यांना ही हकिगत सांगितली तर हे हसायला लागले, पण दुसऱ्याच दिवशी दिवाण आणला.

दिवाण आला, त्यावर गादी हवी. आमचे हे भाऊजींना गोंदियाला गादीच्या दुकानात घेऊन गेले, मी संगीताला घेऊन मागच्या रिक्षात. दुकानदार मोठा गोडबोल्या. “चाचाजी, ये कमरवालों के लिए ही बनी है, आप जरा लेट के तो देखो.” भाऊजी लेटायला तयार नाहीत. भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्यात मी दहा पावलांवर पदर घेऊन उभी. ते यांच्या कानात म्हणाले, पण मला ऐकू गेलं, “मुडद्यासारका बजारात झोपू का बे?” शेवटी कडेवर टेकल्यासारखं केलं, चपला पायात तशाच, आणि म्हणाले, “हाव, हाव, अच्छी है.” ती फोमची गादी घरी आली. त्या गादीनं काय केलं? त्यांना पोटात घेतलं. पहिल्या सकाळी यांनी विचारलं, कशी आहे रे दादा, तर म्हणाले, “चिखलात चाक फसल्यावानी हाय. जेवढा जोर लावा तेवढा खाली.” मग ती आम्ही पाहुण्यांसाठी ठेवली आणि त्यांच्यासाठी काथ्याची आणली. ती इतकी कडक की कुशीवर झालं की खांदा दुखायचा, आणि उन्हाळ्यात भट्टी. मग कोणी म्हणालं पाण्याची पिशवी, कोणी म्हणालं फळी, संगीतानं लग्न झाल्यावर सासरहून, देवरीहून, कसलीशी जंगलातली पानं पाठवली गादीखाली घालायला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय! भाऊजी प्रत्येक वस्तू मुकाट्यानं वापरायचे, थोडे दिवस ‘बरं वाटून राहिलं’ म्हणायचे, आणि भल्या पहाटे मी उठले की अंगणात त्यांच्या फेऱ्या चालू असायच्या. एक हात कंबरेवर, एक हात कुंपणाच्या काठीवर. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. वैताग यायचा, खोटं कशाला सांगू, कधी कधी त्यांचाच वैताग यायचा.

आता माझ्या गादीचं सांगते. माझ्या बाबांनी आंदणात दिलेली ती गादी, आमच्या शेतातल्या कापसाची. लग्नाआधी महिनाभर आई त्यातलं एकेक बोंड वेचून साफ करत होती. वर लाल पट्ट्यांची खोळ. धानाच्या मुलखात कापसाची इतकी भरगच्च गादी म्हणजे नवल होतं, सासरच्या बायका दाबून दाबून पाहून गेल्या होत्या. आम्ही दोघं तिच्यावर इतकी वर्षं झोपलो की कापूस दबून दबून एकजीव झाला होता, ना मऊ ना कडक. मी तिचा कधी विचारच केला नव्हता. आपल्या अंगाखाली काय आहे याचा, ते दुखत नाही तोवर, कोण विचार करतो?

एका उन्हाळ्यात घराला रंग द्यायला घेतला. सगळ्या खोल्यांतलं सामान बाहेर, गाद्या ऊन दाखवायला अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर. माझी लाल पट्ट्यांची गादी वरच्या बाजूला, पण मी तिच्यावर पांढरी चादर टाकलेली, पाखरांची घाण पडू नये म्हणून. भाऊजी गोंदियाला डॉक्टरांकडे जाऊन बसनं आले. बसच्या धक्क्यांनी चेहरा पिवळा पडलेला. खोलीत जायला वाट नाही, सपरीत रंगाचे डबे. त्यांनी समोर पांढरी चादर पाहिली आणि आडवे झाले. मी विहिरीवर होते. येऊन पाहते तर भाऊजी झोपलेले! नुसते पडलेले नव्हते हो, झोपलेले. तोंड उघडं, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि घोरत होते. मी त्या माणसाचं घोरणं पहिल्यांदा ऐकलं. अंगणातल्या कोंबड्या मी हाकलल्या, रंगवाल्याला खुणेनं चहा प्यायला पाठवलं, कुकर लावला होता तो उतरवून ठेवला, शिट्टी नको म्हणून. आमचे हे आले तर त्यांना फाटकातच अडवलं. आम्ही दोघं गुपचूप फाटकाशी उभे राहून त्या झोपेकडे पाहत होतो. “अशी झोप तं त्याले वहिनी गेल्यापासून नसन लागली,” हे म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मनात आलं, सापडली! इतकी दुकानं पालथी घातली आणि सापडली आपल्याच घरात.

ऊन कलल्यावर भाऊजी उठले. उठले म्हणजे सरळ उठले, भिंत नाही, दुपट्टा नाही. स्वतःच चकित होऊन कंबरेला हात लावून पाहिला. मग चादर जरा सरकलेली, तिच्याखाली त्यांना लाल पट्टे दिसले. ती गादी कोणाची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. जणू चोरी करताना सापडले. तडक विहिरीवर गेले, कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं, बादलीमागून बादली, त्या मोडक्या कंबरेनं पाणी ओढून ओढून. हे धावले, “दादा, काऊन असं करून राहिला, कोणाले काय झालं?” तर म्हणाले, “मले मालूम नव्हतं रे. देवाशपथ मालूम नव्हतं.” संध्याकाळी जेवले नाहीत. मी ताट पाठवलं, परत आलं. बाईमाणसाच्या, त्यातही भावसुनेच्या अंथरुणावर आपण घोरलो, याचं त्यांनी ते प्रायश्चित्त घेतलं. आणि मी चुलीपुढे बसून रागानं लाकडं आत कोंबत होते. आयुष्यात एकदा या माणसाला सुखाची झोप लागली आणि तिचाच त्यानं उपास करावा? काय म्हणावं या मर्यादेला?

मी अशी तशी ऐकणारी नाही. दुसऱ्या दिवशी यांना सांगितलं, ती गादी दादाच्या दिवाणावर टाका, मी फोमवर झोपते. हे चाचरले. भाऊजींनी तर ऐकूनच घेतलं नाही. मग मी देवरीहून संगीताला बोलावून घेतलं, कारण बापाला ऐकवण्याची कला तिलाच जमायची. दोन दिवस खोलीत बापलेकीची बोलणी चालली. शेवटी संगीता बाहेर आली ती एक अट घेऊन. “काकू, बाबा म्हणते, गादी उसवून कापूस पिंजून घ्या, नवीन खोळ भरा. मंग ते तुही नाई राहत, नवी होते. मंग मी घेतो म्हणते.” मी कपाळाला हात लावला. अगं, पिंजला की कापूस फुलतो! इतक्या वर्षांचा दाब सगळा जातो. मग ती नवी गादी झाली, आणि नव्या गाद्यांनी काय दिवे लावले ते पाहिलं ना आपण? त्यांना झोप लागली ती त्या दबलेल्या कापसावर, आणि तोच दाब काढायला सांगतात? मी संगीताला म्हटलं, परत जा, नाही म्हणून सांग. ती गेली, परत आली. भाऊजींचं एकच, पिंजल्याशिवाय नाही. त्या दिवशी मी खांब-चुलीचं सोडलं. त्यांच्या दारापाशी उभी राहून, पदर नाकापर्यंत ओढून, पण दारालाच ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं, “कंबर देवानं दिली की लोकांनी? लोक येतात काय रात्रभर कंबर धरायला?” आतून अगदी हळू आवाज आला, “दाराले सांगा, माही कंबर गेली तं एकट्याची जाईन. तिच्या नावाले बट्टा लागला तं साऱ्या घराची जाईन.” मुर्रीत त्यांच्यामाघारी लोक काय बोलू शकतात हे मलाही कळत होतं. बिनबायकोचा भासरा आणि एकाच घरातली भावसून... इतकी वर्षं आमच्या घराबद्दल कोणी वाकडा शब्द काढला नव्हता, तो त्यांच्याचमुळे काढला नव्हता.

मी गादी दिली. पिंजारी सायकलवर घालून घेऊन गेला आणि दोन दिवसांनी ती परत आली, दुप्पट उंच, ढगासारखी फुगलेली, वर हिरव्या फुलांची खोळ. माझ्या आईच्या हातचा कापूस, पण मला ओळखू येईना. हिनं काही होणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी भाऊजींनी ती दिवाणावर टाकून घेतली, आणि आठ दिवसांनी यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “जमते.” मी जाता-येता संगीतामार्फत विचारायची, फोनवर विचारायला लावायची. जमते. दिवाळीत विचारलं, जमते. पहाटेच्या फेऱ्याही कमी झाल्या. मला वाटलं, चला, कापूस हळूहळू दबला असेल, देवाला दया आली असेल. कोणाकोणाला अभिमानानं सांगितलंसुद्धा, आमच्या भाऊजींना शेवटी माझ्या माहेरच्या कापसानंच आराम पडला. त्यांच्या खोलीत मी झाडायला जायची ती ते बांधीवर गेले की. दिवाणावर चादर कशी इस्तरी केल्यासारखी! म्हटलं, माणूसच टापटिपीचा. कोपऱ्यात सतरंजी गुंडाळून उभी असायची. संगीता म्हणायची, पेपर वाचाले घेते. घेत असतील, म्हटलं.

यानंतरची चार वर्षं कशी गेली ते काही वेगळं सांगण्यासारखं नाही. भाऊजी जास्त वाकले, बोलणं कमी झालं. दुपारी सपरीत सीटवर बसून डुलक्या घ्यायचे, मी म्हणायची वय झालं. नातवंडं देवरीहून आली की त्यांना चिखलणी कशी करायची ते काठीनं अंगणात रेघा मारून शिकवायचे, आणि मुलं म्हणायची, आजोबा, आता रोवणीचंही मशीन येते. ते म्हणायचे, येऊ द्या ना बापा, त्याले कंबर नाई राहत. माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाळेतून हार-नारळ घेऊन घरी आले तर सपरीत खांबाला सांगताना ऐकलं, “गावातल्या अर्ध्या पोट्ट्यायले हिनंच लिवाले शिकवलं, सांगून द्या.” एवढंच. माझी सगळी भाषणं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. मी आत जाऊन रडले, आणि रडता रडता त्यांच्यासाठी शिरा केला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. संगीताही देवरीला परत गेली. जाताना तिनं बाबाची शाल मागून नेली. मग एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. सामान आवरायचं होतं. दिवाणावर तीच हिरव्या फुलांची गादी, वर तीच घडी न मोडलेली चादर. मी उगाच कडेवर बसले. बसले आणि थबकले. गादी खाली गेली, मऊसूत, लोण्यात बोट जावं तशी. मी चादर बाजूला केली, हात फिरवला. मग पदर सोडून त्या गादीवर आडवी झाले, आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या अंथरुणावर पाठ टेकली. मला कापसाच्या घरातली म्हणून एवढं तरी कळतं. माणूस ज्या गादीवर चार वर्षं झोपतो तिला कंबरेपाशी खड्डा पडतो, कडा उचलतात, कापसाच्या गाठी होतात, खोळीला घामाचे डाग पडतात. या गादीला काही नव्हतं. पिंजाऱ्यानं आणून टाकली तशीच होती, तशीच फुगलेली, नवी कोरी. तिच्यावर कोणी कधी झोपलंच नव्हतं.

मग सगळं उलगडत गेलं. सतरंजी पेपरसाठी नव्हती. पहाटेच्या फेऱ्या कमी झाल्या त्या आराम पडला म्हणून नाही, मला ऐकू येऊ नयेत म्हणून. अर्धी रात्र जमिनीवर, अर्धी त्या लोखंडी सीटवर, आणि उजाडायच्या आत सतरंजी गुंडाळून उभी. मी उताणी पडले होते आणि माझ्या कानात पाणी जात होतं. मी मोठ्यानं बोलले, खांबाला नाही, चुलीला नाही, थेट त्यांनाच. “काऊन हो भाऊजी? खोटं कायले बोललात? चार वर्षं? मी काय परकी होते काय तुम्हाला?” आवाज इतका चढला की आमचे हे अंगणातून आले. दारात उभे राहिले. मी त्यांच्या दादाच्या गादीवर, डोईवर पदर नाही, रडून तोंड सुजलेलं.

“कोणासंग बोलून राहिली?”

“तुमच्या दादासोबत. ते या गादीवर एक दिवस झोपले नाहीत. तुम्हाला माहीत होतं?”

हे जमिनीकडे पाहत राहिले. त्यांना माहीत होतं हे मला कळलं, आणि दादानं शपथ घातली असणार हेही कळलं. भांडावंसं वाटलं पण भांडले नाही. म्हातारा माणूस, भाऊ गेलेला, काय बोलू.

मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायचा माणूस आता नाही. ही गादी मऊ पडते म्हणून ते झोपले नाहीत, की पिंजून, उसवून, नवी खोळ घालूनही ती माझीच राहिली म्हणून झोपले नाहीत? मऊ पडत असेल तर तसं सांगायला काय हरकत होती, मी दुसरी आणली असती, आणखी दहा आणल्या असत्या. आणि माझी म्हणून नसेल, तर मग घेतलीच कशाला? माझं मन मोडू नये म्हणून? मी विचार करून करून थकते. हे म्हणतात, देऊन टाक कोणाला, डोक्यातून जाईल. मी म्हणते, राहू द्या.

आता रोज दुपारी जेवण झालं की मी त्या खोलीत जाते आणि त्या गादीवर तासभर पडते. दार उघडंच ठेवते, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. पहिल्या दिवसापासून माझीही कंबर धरते, उठताना कडेला हात रोवावा लागतो. मऊच आहे हो भाऊजी, फारच मऊ आहे, तुमचं तेवढं मला पटलं. दुसरं जे कारण होतं, किंवा नव्हतं, ते तुम्ही मला सांगायला हवं होतं.